भुऱ्याची शेवटची नळी

माळावरच्या लांडग्यांचं वीर्य गोठवून जपायचं, तर आधी कुत्र्यांवर हात बसायला हवा, म्हणून उत्कर्षा नसबंदी केंद्रातून भटक्या कुत्र्यांचे काढलेले वृषण थर्मासमधून प्रयोगशाळेत आणायची. त्यातले शुक्राणू बारीक नळ्यांत भरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवायची आणि काही दिवसांनी वितळवून बघायची. वर्षभर सगळे मेलेलेच निघत होते. आज मात्र भुऱ्या नावाच्या कुत्र्याच्या शेवटच्या नळीतले सूक्ष्मदर्शकाखाली चक्क पळत होते. आनंद करायलाही तिच्या अंगात त्राण नव्हतं. तिला फक्त चहा हवा होता. तेवढ्यात दारात द्वारकाबाई आल्या. त्या बिबवेवाडीत भाजीची गाडी लावायच्या आणि भुऱ्याला नसबंदीसाठी त्यांनीच आणून सोडलं होतं. "मॅडम, भुऱ्या गेला. काल टँकरखाली आला," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं त्याचं कायतरी ठेवलंय म्हणला व्हता ना तुमी?" उत्कर्षाने त्यांना स्टुलावर बसवलं आणि भिंगातून बघायला सांगितलं. बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. "जित्तं हाय की! कसं पळतंय, त्याच्यावानीच." मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "बास आता. लाईटीनं तापतील. परत गारठ्यात ठेवा त्यास्नी." एकदा वितळवलेलं पुन्हा गोठवता येत नाही. काचेवरचा थेंब कडेने सुकायलाही लागला होता. "ठेवते, मावशी," उत्कर्षा म्हणाली. तिने टाकीचं झाकण उघडलं आणि त्यांच्यादेखत रिकामी नळी अलगद आत सोडली.