रब्बींना न येणारं गणित

‘गणिताचे गाढे पंडित’ एवढं वाचून झालं आणि प्लंबर फिसकन हसला.

पाटीवरचा पडदा नुकताच बाजूला झाला होता. सिनेगॉगच्या मागच्या हॉलमध्ये दीडशे माणसं बसली होती, बहुतेक सगळी रब्बींच्या हाताखालून गेलेली. रब्बींना जाऊन वर्ष झालं होतं. याच हॉलमध्ये त्यांनी पन्नास वर्षं आसपासची पोरं शिकवली. ज्यूंची शिकवली, बाकीच्यांचीही शिकवली; ज्याला शेंबूड पुसता येतो तो चालेल, एवढीच अट. आज हॉलला त्यांचं नाव द्यायचं होतं आणि समितीचे अध्यक्ष पाटीवरचा मजकूर मोठ्यानं वाचत होते.

आईनं प्लंबरच्या मांडीला चिमटा काढला. “दात काय काढतोस मेल्या? दादाकडे बघ, कसा बसलाय.”

दादा स्टेजवर बसला होता. प्रमुख पाहुणा. “माझा एक मुलगा हृदयाच्या नळ्या जोडतो आणि एक मोरीच्या,” अशी आई दोघांची ओळख करून द्यायची. दुसऱ्या नळ्यांपाशी तिचा आवाज खाली यायचा.

हसण्याचं कारण प्लंबरनं तीस वर्षं पोटात ठेवलं होतं.

तो अकरा वर्षांचा होता. अपूर्णांक पाहिले की त्याला शौचाला जायची परवानगी लागायची. शाळेतल्या बाईंनी त्याचा नाद सोडला होता. एका दुपारी रब्बींनी त्याला एकट्याला थांबवून घेतलं. दार लावलं. दाढीतले बिस्किटाचे कण झटकले आणि हळूच म्हणाले, “कुणाला सांगणार नसशील तर एक बोलतो. मला अपूर्णांक येत नाहीत.”

“तुम्हाला?”

“लहानपणी राहून गेले. आता कुणाला विचारू? धर्मगुरूची अब्रू जाईल. तू शिकवशील?”

मला कुठे येतात, हे प्लंबरच्या ओठांवर आलं होतं. पण एवढा मोठा माणूस कधी त्याच्यापुढे असा गयावया करत उभा राहिला नव्हता. तो घरी गेला, दादाची वही चोरली आणि पलंगाखाली शिरून एक उदाहरण समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेवढंच रब्बींना शिकवलं.

रब्बी मात्र फारच मठ्ठ निघाले. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हटलं की वरचे वरच्यात मिळवायचे, खालचे खालच्यात, आणि दोन पंचमांश लिहून मोकळे. दोन दिवसांपूर्वीपर्यंत प्लंबरही तेच करत होता. पण समोरच्या म्हाताऱ्याची चूक त्याला लख्ख दिसायची. त्यानं रब्बींचं न वाचलेलं वर्तमानपत्र फाडून पट्ट्या केल्या आणि त्या जोडून दाखवल्या. एकदा वैतागून ओरडलाही, “डोकं आहे की मडकं?”

“मडकंच,” रब्बी मान खाली घालून म्हणाले. “पुन्हा सांग.”

तीन महिन्यांनी त्यांना अपूर्णांक आले. प्लंबर त्या वर्षी गणितात पास झाला, पण त्या यशाकडे त्याचं लक्षही नव्हतं. म्हाताऱ्याला तारलं, याच आनंदात तो होता.

“कुणाला हसू येतंय?” अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. “अच्छा, तुम्ही. असू दे. ज्यांना रब्बींचं गणित झेपलं नाही, त्यांना हसू यायचंच.”

लोक हसले. स्टेजवर दादाही जरासा हसला. ते मात्र प्लंबरला सोसलं नाही.

“रब्बींचं गणित?” तो उठून उभा राहिला. “अपूर्णांक येत नव्हते त्यांना! मी शिकवले. याच हॉलमध्ये, तीन महिने!”

आईनं पर्स तोंडावर धरली. मेलेल्या माणसाची अब्रू आपण भर सभेत काढली, हे प्लंबरला आत्ता कुठे कळलं. त्यानं जीभ चावली.

“काहीतरीच!” तिसऱ्या रांगेतून बेकरीवाल्या मावशी खेकसल्या. “अपूर्णांक त्यांना मी शिकवले. तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता.”

“मग विसरले असतील,” मागून बस ड्रायव्हर म्हणाला. “एकूण यथातथाच होते. नकाशा मी शिकवला. उत्तर-दक्षिण कळायची नाही. मला वाटायचं, हा माणूस घरी पोचतो तरी कसा?”

“शुद्धलेखन माझ्याकडे होतं,” कोर्टातला कारकून चाचरत म्हणाला. “कुणाला सांगणार नाही असं वचन घेतलं होतं त्यांनी.”

“माझ्याकडूनही!”

“आणि माझ्याकडून!”

आता एकेक जण उठू लागला. वर्गातला शेवटचा, त्याच्याही मागचा, दोनदा नापास झालेला, तोतरं बोलणारी. रब्बींच्या मठ्ठपणावर प्रत्येकानं वर्षानुवर्षं पांघरूण घातलं होतं.

पहिल्या रांगेत रब्बींची मुलगी हसून हसून डोळे पुसत होती. “गणितात सुवर्णपदक होतं बाबांना,” ती म्हणाली. “आई त्यावर गरम भांडं ठेवायची.”

प्लंबर मटकन खाली बसला. तीन महिने तो माणूस रोज नव्यानं चुकत होता. आणि आपण त्याला मडकं म्हणालो.

अध्यक्षांनी घाम पुसला आणि घाईघाईनं प्रमुख पाहुण्यांना बोलायला बोलावलं. दादा माईकपाशी आला. हातातले कागद त्यानं उघडलेच नाहीत. तो धाकट्या भावाकडे बघत होता, जणू हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतंच.

“सहा वर्षं मी इथे पहिल्या बाकावर बसलो,” तो म्हणाला. “मला त्यांनी कधी काहीच विचारलं नाही रे.”