रामसिंगचा बोर्ड

"चाळीस पंपांचं काम घरी चालून आलतं, बा. तुम्ही हातानं घालवलं," देवसिंग म्हणाला.

ओसरीवर बाजेवर बसलेल्या रामसिंगनं मान वर केली नाही. "दिग्रसले मी जात नाई. होईन तं इथंच होईन," असं म्हणून त्यानं मांडीवरच्या डब्यावरची धूळ फुंकली.

डबा प्लास्टिकचा, जेवणाचा. आत पत्त्यांच्या कॅटाएवढा बोर्ड, म्हणजे उघडावाघडा कॉम्प्युटरच, आणि त्याला लाल-पिवळ्या वायरींचा गुंता. पण एवढ्याशा वस्तूनं तांड्यात नाव काढलं होतं. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. अंधारून आलं की अंगणातला दिवा चालू. शेळ्यांच्या वाड्याचं फाटक हललं की घरात घंटी. शेतात थ्री फेजची लाइन आली की मोबाईलवर मेसेज. म्हातारा तीस वर्षं दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होता. घरी बसल्यावर हात स्वस्थ बसायचे नाहीत, असं लोक कौतुकानं म्हणत. शेजारची जमनी तर त्याला तोंडावर शास्त्रज्ञ म्हणायची. म्हाताऱ्याला ते अजिबात आवडायचं नाही.

सकाळी दिग्रसचा पंपवाला राजकुमार स्वतः गाडी घेऊन आला होता. फिरून फिरून सगळं पाहून झाल्यावर तो म्हणाला, उद्या माझ्या दुकानात या, माझ्यासमोर असा एक डबा बनवून दाखवा, चाळीस शेतकऱ्यांचं काम तुमचं. दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. रामसिंगनं नाही म्हटलं. का, तर नाही. राजकुमार चहासुद्धा न घेता गेला.

देवसिंगचं डोकं तिथंच तापलं. पुण्याहून चार दिवसांची सुट्टी काढून आला होता बिचारा, आणि येतानाच मनाशी एक गोष्ट ठरवून आला होता. ती त्यानं आता बोलून टाकली.

"जाऊ द्या. तसंही मी बबिताले घेऊन जाऊन राह्यलो. उद्याच्याच गाडीनं. तिथं खोली पाह्यली हाय. मेसचं खाऊन खाऊन पोट बिघडलं माहं."

आत स्वयंपाकघरात भांडं पडलं. देवसिंगची बायको बबिता आतच होती. सासरा ओसरीवर असला की सून ओसरीवर येत नाही आणि त्याच्यासमोर तोंड उघडत नाही, ही तांड्याची रीत. लग्नाला सहा वर्षं झाली, पण रामसिंगनं सुनेचा चेहरा धड पाहिला नव्हता. त्याला चहा हवा असला की तो खाकरायचा, आणि थोड्या वेळानं उंबऱ्यावर कप ठेवलेला असायचा.

"बबिता जात नाई," रामसिंग म्हणाला.

"बायको माही हाय!"

"असन. जात नाई."

"काहून? तुमचा चहा कोण करन म्हणून?"

म्हातारा पुन्हा डबा पुसू लागला. देवसिंगला ते लागलं. सख्खा बाप एवढा आपमतलबी निघावा?

"अन् इथं राहून ते करते तरी काय? दिवसभर मोबाईलमंधी मुंडकं. जमनी सांगे, भात करपला तरी पत्ता नसते."

"तिले इचार, जायचं का नाई ते."

"तिले कायले इचारायचं?"

"मंग मलेही नको इचारू. जात नाई म्हणजे नाई."

जिनिंगच्या मालकासमोर उभा जन्म मान खाली घालणारा हा माणूस आज पोराच्या डोळ्यांत डोळे रोखून बसला होता. देवसिंगला वाटलं, ही सगळी मस्ती त्या डब्याची आहे.

त्यानं डबा हिसकला. वायरी तटातट ओढल्या, तशी अंगणातली मोटर घरघरून गप्प झाली. मग त्यानं बोर्डातून नखाएवढं मेमरी कार्ड उपसलं. पुण्यात तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. बोर्डाची सगळी अक्कल या कार्डात असते, एवढं त्याला कळत होतं. कार्ड त्यानं शर्टाच्या खिशात घातलं.

"आता करा चालू. आज अंगणातला दिवा आपोआप लागला, तं मी एकटाच जातो. पुन्हा बबिताचं नाव काढत नाई. नाई लागला, तं बबिता माह्यासंगं."

"सेवाभायाची आण?" म्हाताऱ्यानं तांड्याच्या दैवताची शपथ मागितली.

"सेवाभायाची आण."

रामसिंगनं चष्मा चढवला आणि उघड्या डब्याकडे पाहिलं. एक वायर उचलली, उलटसुलट केली, खाली ठेवली. देवसिंगला आतून कसंसंच झालं. बापाशी असं वागायला नको होतं. पण आता माघार घेतली तर राहिलं काय?

थोड्या वेळानं रामसिंगनं डबा अलगद बाजेवर ठेवला. डोक्याला पागोटं गुंडाळलं, काठी घेतली आणि मोठ्यानं खाकरून तो ओसरी उतरला. घराकडे पाठ करून चालत गेला तो थेट तांड्याच्या दुसऱ्या टोकाला, चिंचेखाली. एकदाही वळून पाहिलं नाही.

"हरले ना, बा!" देवसिंग ओरडला. पण वाटला होता तेवढा आनंद काही झाला नाही.

तेवढ्यात आतून बबिता आली. तिनं घुंगट मागं टाकला, बाजेशी मांडी घालून बसली, डबा पुढ्यात ओढला आणि तुटल्यासुटल्या वायरी एकेक करून जागेवर बसवू लागली. वर न पाहताच ती नवऱ्याला म्हणाली, "ते कार्ड राहू द्या तुमच्याच खिशात. दुसरं भरून ठेवलं हाय म्या. अन् जरा सरका, उजेड येऊ द्या."