सरावाची खुर्ची

रोजगार केंद्रातल्या बाईंनी मुलाखतीच्या सरावाची डुगडुगती खुर्ची मुद्दामच दुरुस्त केली नव्हती. थाप मारताना उमेदवार चुळबुळला, की ती खडखडून चहाडी करायची. मग बाईंचं फर्मान, “उठा. बाहेर जा. दार वाजवून आत या आणि खरं उत्तर द्या.” आज बाईंनी तीच खुर्ची मुख्यालयातून आलेल्या साहेबांपुढे सरकवली. “केंद्र बंद करताय? आम्हा सगळ्यांना नारळ?” “छे हो! म्हणजे... वरती विचार चाललाय,” खुर्ची खडखडली, “तुमच्यासारख्या अनुभवी माणसांना बाहेर संधीच संधी...” खुर्ची थांबेचना. ताकाला जाऊन भांडं लपवणारं ते ध्यान बाईंनी नखशिखांत न्याहाळलं. “उठा, साहेब. बाहेर जा. दार वाजवून आत या.” साहेब मुकाट बाहेर गेले. दार काही वाजलं नाही. खाली गाडी तेवढी सुरू झाली. “दिलं एकदाचं खरं उत्तर,” बाई म्हणाल्या.