खरंच फायनल

"आलं बघ तुझं काम," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन कानाजवळ धरला.

मेल त्यांच्या मुलीनेच पाठवला होता, दोन दिवसांसाठी घरी आली असताना, त्याच खोलीतून, त्यांच्याच पलंगावर बसून. दृष्टी गेल्यापासून बाबांचा फोन पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवायचा. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. गल्लीत अजूनही सगळे त्यांना पेंटरच म्हणत. ती एरवी दुसऱ्या शहरात एका बॅगांच्या कंपनीत जाहिरातीचे मेल तयार करायची आणि ग्राहकांना जाण्याआधी प्रत्येक मेल बाबांना पाठवायची. मग त्यांचा फोन यायचा, "छान झालंय." तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव यायचा.

डोळे होते तेव्हा या माणसाने तिच्या एकाही अक्षराला छान म्हटलं नव्हतं. वयाने मऊ झाले, असं ती आईला सांगायची. फोन सगळं वाचतो, हे तिने धरूनच चाललं होतं. शेजारी बसून ऐकलं मात्र कधी नव्हतं.

"इमेज," फोन म्हणाला. "बॅनर फायनल खरंच फायनल चार. इमेज. बटण नवीन दोन. सदस्यत्व रद्द करा."

आणि गप्प झाला.

"छान झालंय," बाबा म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, एवढंच ऐकू येतं तुम्हाला?"

"रोजचं असंच असतं की."

"मग छान कशावरून म्हणता?"

चोरी पकडली गेल्यावर माणूस करतो तेच बाबांनी केलं. सवयीने अजून घालत असलेला चष्मा काढून पुसायला घेतला. "नावावरून कळतं ना. पैसे बुडवणाऱ्या मालकाची पाटी मी एकाच हातात उरकायचो, पुन्हा बघायचोही नाही. तू चारदा फायनल करतेस. मागच्या महिन्यात तर सातवर गेली होतीस. म्हटलं, पोरीने जीव ओतलाय. छानच असणार."

तिला हसू आलं. इतक्या महिन्यांची शाबासकी फाइलच्या नावाला मिळाली होती. कामाबद्दल त्यांना काय वाटतं, हे तिला अजून कळलंच नव्हतं. आजचा मेल पहिल्यांदाच सर्वस्वी तिच्या हातचा होता. तो दुपारी हजारो लोकांना जाणार होता, आणि तिला एकाच माणसाचं मत हवं होतं.

"चूक आमचीच आहे," ती म्हणाली. "आम्ही अक्षरांसकट सगळ्या मेलचं एकच चित्र करतो. आणि ते चित्रही मेलमध्ये नसतं. ते असतं कंपनीच्या सर्व्हरवर, मेलमध्ये जातो नुसता पत्ता."

"म्हणजे पाकीट आमच्या घरी आणि माल तुमच्या गोदामात."

"तसंच. चित्र दिसलं नाही तर काय वाचायचं, ते लिहायला एक जागा असते. ती आम्ही रिकामीच सोडतो, मग फोन फाइलचं नाव वाचतो."

"का?"

 कंपनीतल्या सरांनी सांगितलं होतं, चित्र लोक बघतात, वाचत बसत नाहीत. तिलाही ते पटलं होतं.

तिने त्या जागेत 'बॅगांच्या सेलची जाहिरात' असं लिहिलं आणि मेल पुन्हा पाठवला. फोनने ते वाचलं.

"बॅगांच्या कंपनीत आहेस म्हणजे बॅगाच असणार," बाबा म्हणाले. "चित्र कसंय?"

चित्र कसंय? दोन आठवडे ती त्याच्यावर डोळे फोडत होती, आणि आता शब्द सापडेना. तिने स्वतःचंच काम परक्याचं असल्यासारखं नीट बघितलं. एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. मध्येच सरांचा निरोप आला: झालं का? तिने 'थोडा वेळ' एवढंच कळवलं.

मेल तिसऱ्यांदा गेला. बाबांनी फोन कानाशी नेला.

"इमेज," फोन म्हणाला. "गडद हिरव्या भिंतीसमोर एक लाल बॅग. चेन अर्धी उघडी, आतून पांढऱ्या शर्टाची बाही बाहेर आलेली. वर जाड लाल अक्षरं, निघा आता. बटण, बॅगा बघा."

 बाबांनी तीच ओळ पुन्हा ऐकली. चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू त्याने फरक पडणार होता. आता ते पुन्हा 'छान' म्हणतील, अशी तिला भीती वाटली.

"बाही चांगली सुचलीय," ते अखेर म्हणाले. "घाईत निघाल्यासारखी. पण अक्षरं लाल? हिरव्यावर?"

"हो."

"आणि बॅगही लाल?"

"हो, बाबा."

"लोकांच्या डोळ्यांत खुपेल गं ते! बघायचं कशाकडे माणसाने, बॅगेकडे की अक्षरांकडे?" आवाज चढला होता. आतून आई डोकावली. कितीतरी दिवसांनी घरात असं कुणी कुणावर ओरडत होतं. "हिरव्यावर लाल लिहायचं नाही, हे गल्लीतलं पोरही सांगेल. कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच," ती म्हणाली. डोळे पुसायचं तिला सुचलंच नाही.

"मग अर्धवट शिकवलं. सरक इकडे."