गोडं पाणी

घर विकून अमरावतीजवळ गोड्या पाण्यावर बाग लावायची म्हणून खुशालरावांनी भिंतींना चुना दिला, रुख्मिणीने अंगण सारवलं. विहीर मात्र खारी होती. गिऱ्हाईक यायच्या सकाळी खुशालरावांनी मागून आणलेल्या बैलगाडीने गोडं पाणी आणून रांजण भरला. "इचारलं तं आपल्याच विहिरीचं सांगजो," ते बायकोला म्हणाले. रुख्मिणीचं मन कशात लागेना. दुपारी टांग्यातून अकोल्याचे अडते आणि त्यांची पोटुशी बायको उतरली. पाणी पिऊन तिने विचारलं, "विहिरीचंच ना?" दोनदा आतबाहेर करून रुख्मिणी म्हणाली, "नाही बाई. प्याचं पानी दोन कोसावरून डोक्यावर आनावं लागते." टांगा तसाच परतला. "काहून सांगतलं?" खुशालराव संतापले. "बाई दोन जिवाची हाये. माहं पोटातलं लेकरू त्याच वाटेवर गेलं." आजवर ती ‘मी घरात घसरली’ म्हणायची. दुसऱ्या दिवशी पहाटे कावड खुशालरावांनी खांद्यावर घेतली.