दोन खुर्च्यांपुरतं काचघर

"दार पूर्वेला नको," बाई म्हणाल्या. "सकाळचं ऊन अडेल. ऑर्किडला सकाळचंच ऊन मानवतं, दुपारचं नाही."

आर्किटेक्टने पूर्वेचं दार खोडलं आणि उत्तरेला काढलं. परवा ते उत्तरेलाच होतं, काल पूर्वेला आलं, आज पुन्हा उत्तरेला गेलं. पण गिऱ्हाईक म्हटलं की मत बदलणारच, आणि खोडरबर काही संपला नव्हता.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. कागद उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर ऑर्किडच्या चार लहान कुंड्या. गेले अकरा दिवस तो रोज दहाच्या ठोक्याला बेल वाजवत होता. बाईंची मुलगी दार उघडायची, "या" एवढंच म्हणायची आणि चहा टाकायला आत जायची. बाई केस नीट करून आधीच टेबलाशी बसलेल्या असायच्या.

बाकीची कामं त्याने केव्हाच सोडली होती. वय झालं होतं. हे एक काम मात्र त्याला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. चेहऱ्यावर तसं दिसू नये याची तो फार काळजी घ्यायचा.

"जमिनीचं काय करू या?" त्याने विचारलं.

"खडी टाका. पाणी मारलं की दिवसभर ओलावा राहतो. फरशी घातलीत तर शेवाळ धरेल, आणि त्यावरून मी आडवी."

"मग खडीच."

"आणि मांडण्या फळ्यांच्या नकोत, जाळीच्या हव्यात. मुळाशी पाणी साचलं की खेळ खलास. ही झाडं तहानेने मरत नाहीत हो, लोकांच्या मायेने मरतात."

"जाळी ओट्यापेक्षा चार बोटं उंच घेतो. वाकलात की तुमची पाठ धरते."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "माझी पाठ धरते हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"या वयात कोणाची धरत नाही?"

बाई तोंडावर हात ठेवून हसल्या. स्वयंपाकघरातला कपबश्यांचा आवाज क्षणभर थांबला.

काम पुढे सरकलं. गरम हवा बाहेर जायला छतात दोन झडपा. उन्हाळ्यासाठी हिरवी जाळी, दोरीने ओढता येईल अशी. तुषार सोडणारे फवारे. उघड्या मुळांची झाडं टांगायला आडव्या सळ्या. उबेत राहणारी झाडं एकीकडे, गारव्यातली दुसरीकडे, मध्ये काचेची भिंत. बाईंना सगळं पाठ होतं. इतकी वर्षं मनातल्या मनात बांधलेलं घर ते, त्यात खिळा कुठे हेही त्यांना माहीत होतं.

"आणि इथे दोन खुर्च्या," त्यांनी बोट टेकवलं.

"दोन?"

"एक माझी, एक ह्यांची. बसायचे नाहीत, ती गोष्ट वेगळी. पायाला भिंगरी लागलीय. हे काचघर मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मागितलं होतं. 'पुढच्या वर्षी करू' म्हणाले. किती पुढची वर्षं आली नि गेली! जगाचं करायला वेळ आहे, घरचं म्हटलं की उद्या."

आर्किटेक्ट पेन्सिलीला टोक काढत बसला. टोक आधीच चांगलं होतं.

"राग येतो त्यांचा?"

"येतो की. पण माणूस लाखमोलाचा आहे. कामावरून आले की आधी मला हाक मारतात, मग चपला काढतात. माझं उत्तर येईपर्यंत एका पायावर उभे!"

"सध्या कुठे असतात?"

"बाहेरगावी, कामावर. येतील आता." त्यांनी दाराकडे पाहिलं. "बरेच दिवस झाले. यायलाच हवेत."

त्याने नकाशावर दुसरी खुर्ची काढली. तिचा एक पाय लांब झाला.

"ही डुगडुगणार," बाई म्हणाल्या.

"ते बसणारच नाहीत म्हणालात ना!"

दोघंही हसली. बाई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकाएकी थांबल्या आणि खुर्ची थोडी मागे सरकवून बसल्या.

"साहेब, राग मानू नका. उद्यापासून येऊ नका."

"नकाशात काही चुकलं का?"

"नकाशा सुरेख आहे. माझंच चुकतंय." त्या खाली बघत बोलत होत्या. "सकाळी उठले की मी आधी आरशासमोर जाते. बेल वाजली की छातीत धडधडतं. या वयात! नवरा घरात नाही आणि मी परक्या माणसाची वाट पाहत बसते. लोकांचं सोडा, मलाच मान वर करता येत नाही."

"मी कामापुरताच येईन. एक शब्द जास्त बोलणार नाही."

"तुम्ही भले आहात, म्हणून तर भीती वाटते. हे आले की मीच तुम्हाला बोलावणं धाडेन. त्यांच्यासमोर ठरवू सगळं."

आर्किटेक्ट कुंड्या एकेक करून बाजूला ठेवायला लागला. नकाशाची गुंडाळी करायला घेतली तसा बाईंनी त्यावर हात ठेवला.

"राहू द्या हा. ह्यांना दाखवते."

"त्यांना आवडेल," तो कसाबसा म्हणाला.

"आवडेलच. चांगलं काही बघितलं की लहान मुलासारखे होतात."

त्याने पेन्सिली खिशात टाकल्या, बूट चढवले. नाडी बांधायला त्याला बराच वेळ लागला. बाईंची मुलगी त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत आली. तिने एकदा खिडकीकडे वळून पाहिलं. आई नकाशावर वाकलेली दिसत होती.

"ती झोपली की मी मागचं दार उघडते," मुलगी हळूच म्हणाली. "तोवर कोपऱ्यावरच्या बाकावर थांबा, बाबा."