अंड्यावरची बुरशी

परदेशी जाताना मुलगा आपली पाळीव पाल बाबांच्या गळ्यात बांधून गेला; बाबांनी तर जन्मभर पाली झाडूनेच हाकललेल्या. फोन महिन्यातून एखादा यायचा. मग पालीने अंडं घातलं, डब्यातल्या ओलाव्याने त्यावर बुरशी धरली आणि मुलगा रोज फोन करू लागला. “बाबा, अंडं फिरवू नका हं. कापसाच्या काडीने हळूच पुसा. आणि जेवलात का?” आज अंडं लख्ख झालं. “सुटलो बुवा! आता रोजची कटकट मिटली,” मुलगा म्हणाला. फोन ठेवल्यावर बाबांनी पाण्याची बाटली उघडून डब्यावर धरली. बुरशी यायला दोन थेंब पुरले असते. पण दिव्याच्या उजेडात कवचाआड तांबूस शिरा दिसल्या. त्यांनी बाटलीला टोपण लावलं. मग एकट्याला न संपलेला पाव काढला, त्यावरच्या बुरशीचा जवळून फोटो घेऊन मुलाला पाठवला: “पुन्हा आली रे.”